कारणे लिहा : गुण पाच

प्रश्न चौथा, उपप्रश्न आ.
ज्यू राष्ट्राच्या स्थापनेमागची ऐतिहासिक कारणे लिहा.
उमरखाडीच्या खोलीत, जेवणाच्याच टेबलावर
मी बाहत्तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडते.
लाल पेन्सिलीला टोक आहे. चहावर साय.

सगळ्यांनी तेच लिहिलंय, मीच सांगितलेलं :
रोमनांनी देऊळ पाडलं, माणसं पांगली,
युरोपात वेगळ्या वस्त्या, रशियात दंगली,
मग इंग्रजांचं वचन, मग हिटलर.
एकाने छळछावणीऐवजी नुसतंच छावणी लिहिलंय.
अर्धा गुण कापते.

लिओपोल्ड ग्रुनफेल्डला मी किती दिले असते?
एकोणचाळीसच्या मार्चात तो आमच्या पोटमाळ्यावर राहायला आला,
व्हिएन्नाचा घड्याळजी,
पासपोर्टावर लाल, दोन बोटं उंच, एकच अक्षर : जे.
बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले,
आमच्याकडे हे लागत नाही.
अष्टमकर म्हटलं की गाव कळतं, लोक तेवढंच विचारतात.
शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली,
कोकणाने आम्हाला नावं ठेवली ती एवढीच.

सप्टेंबरात युद्ध लागलं
आणि गोऱ्या सार्जंटने त्याला शत्रू म्हणून उचललं.
तिकडे तो जर्मन नव्हता म्हणून.
इकडे होता म्हणून.
नगरच्या किल्ल्यातून सुटून आला तेव्हा
आईने एलियाहू हन्नाबीचा मालिदा केला होता.
नारळ, साखर, वेलदोडा, ओले पोहे.
चिमट्याने चक्रं उचलावीत तसा
तो एकेक पोहा उचलून खात राहिला.

त्याच्या बहिणीची पत्रं यायची.
प्रत्येकात एका नव्या देशाचं नाव,
पुढच्या पत्रात ते खोडलेलं.
मग रेड क्रॉसची चिठ्ठी, पंचवीस शब्दांची.
एक्केचाळीसच्या दिवाळीनंतर
तीही नाही.

पण गेला कोण? तो नाही.
त्याने भायखळ्याला दुकान टाकलं,
गिऱ्हाइकांशी मराठीत भांडायला शिकला,
आणि बासष्टच्या पावसात आम्ही त्याला चिंचपोकळीला पोचवून आलो.
गेला माझा बेन्सियन काका,
ज्याला कुणी कधी खडा मारला नव्हता.
रेल्वेत ड्राफ्ट्समन. गणपतीत शेजाऱ्यांच्या मखराचा आराखडा त्याचाच.
का रे बाबा? तर म्हणाला,
दर वल्हांडणाला म्हणतो, पुढल्या वर्षी यरुशलेमला.
किती वर्षं देवासमोर थापा मारायच्या?

बीरशेबाहून त्याचं पत्र, मोडक्या बाराखडीत :
इथले रब्बी विचारतात, तुम्ही खरे ज्यू कशावरून.
पणजीचं नाव कळव. पणजीच्या आईचंही.
खाली, शाई बदलून :
अंगणात अंजिराचं झाड आहे.
कुणी लावलं ते कुणाला ठाऊक नाही.
म्हणजे आहे, बोलत नाहीत.
अंजीर गोड. तुझी काकू खात नाही.

हे अंजीर मी कुठल्या मुद्द्यात बसवू?

त्रेसष्टावी उत्तरपत्रिका. नसरीन परकार.
तीन कारणं माझीच, शब्दही माझे.
चौथं तिचं : त्यांना कुठल्याच देशाने आत घेतले नाही.
त्याखाली, पेन्सिलीने, पुसून पुन्हा लिहिलेलं :
बाई, तिथे आधी राहणाऱ्यांना मग कुणी घेतले?
ते पुस्तकात नाही.

समासात लाल पेन्सिल टेकवते. उचलते.
चहा केव्हाच गार.

भिंतीवर ग्रुनफेल्डचं घड्याळ
चार मिनिटं पुढे. कायमच.
जगाची घड्याळं दुरुस्त करता, हे का नाही,
बाबांनी एकदा विचारलं होतं.
असू द्या, तो म्हणाला,
कधी निघावं लागलं तर.